पाठ चोळून बेडसोअर टळत नाही: फिरणाऱ्या एका मेसेजला उत्तर

गेले काही दिवस पुण्यातल्या नर्सिंगच्या ग्रुपांवर, आणि तिथून सोसायट्यांच्या ग्रुपांवर, एक लांबलचक मेसेज फिरतोय. खाली ‘एक अनुभवी सिस्टर’ अशी सही आहे. त्याचा सारांश असा: पुराव्यावर आधारित नर्सिंग, म्हणजे अभ्यासातून तपासलेल्या पद्धतींनी करायची शुश्रूषा, हे मोठ्या हॉस्पिटलांनी परदेशातून आणलेलं खूळ आहे. नर्सिंग म्हणजे सेवा आणि हाताचा अनुभव. जुन्या सिस्टर स्पिरिट-पावडर लावून पाठ चोळायच्या, तेव्हा बेडसोअर (एकाच जागी पडून राहिल्याने होणाऱ्या जखमा) होत नव्हते. आता सलाईनची सुई तीन दिवसांनी बदलत नाहीत, ती पैसे वाचवायला. संशोधन हे डॉक्टरांचं काम. तिकडचे अभ्यास इकडे लागू पडत नाहीत. एका सिस्टरकडे चाळीस पेशंट असताना पेपर वाचायला वेळ कुणाला आहे? आणि सावित्रीबाईंनी प्लेगमध्ये सेवा केली, ती कुठले पेपर वाचून?

मी नर्सिंगच्या विद्यार्थ्यांना वॉर्डात शिकवते. तिसऱ्या वर्षाच्या मुली हा मेसेज दाखवून ‘मॅडम, हे बरोबरच आहे ना?’ असं विचारायला लागल्या, म्हणून हे उत्तर.

आधी पाठीबद्दल, कारण सगळ्यात जास्त नुकसान तिथे होतं. खुब्याचं हाड मोडून झोपून असलेल्या आजींच्या माकडहाडावर लालसर चट्टा दिसतो. मेसेज म्हणतो, स्पिरिट लावा, पावडर टाका, जोरात चोळा, रक्त फिरेल. पण त्या चट्ट्याखाली गादी आणि हाड यांच्यामध्ये कातडी आणि मांस चेपलं गेलेलं असतं. बारीक रक्तवाहिन्या दबून पेशींचा ऑक्सिजन तुटलेला असतो. अशा दुखावलेल्या जागी चोळलं की आतल्या थरांना आणखी इजा होते. स्पिरिटने त्वचा कोरडी पडते आणि कोरडी त्वचा लवकर फाटते. घामाने भिजलेल्या पावडरीच्या गुठळ्या होतात, त्या चादरीसारख्याच घासतात. म्हणूनच आजची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं अशा जागी मसाज करू नका असं सांगतात. मधे भोक असलेली हवेची रिंगही नको म्हणतात, कारण ती भोवतालच्या पट्ट्यावर दाब देऊन मधल्या भागाचा रक्तपुरवठा आणखी तोडते. सर्जिकलच्या दुकानात ती रिंग आजही सहज मिळते आणि नातेवाईक ती काळजीपोटी घेऊन येतात. त्यांना रागावू नये, समजावून सांगावं.

मग जुन्या सिस्टरांच्या वॉर्डात बेडसोअर कमी होते हे खोटं आहे का? मला ते खोटं वाटत नाही. बॅक केअर द्यायची तर पेशंटला कुशीवर वळवावंच लागतं. सकाळी वळवलं, दुपारी वळवलं, चादर ताणून घेतली, ओलं असेल तर बदललं. दाब त्यामुळे सुटत होता. गुण वळवण्याचा होता आणि श्रेय स्पिरिटला मिळालं. हाच गुंता सोडवायला अभ्यास लागतो. इंग्लंडमधल्या डोरीन नॉर्टन या नर्सने वृद्ध रुग्णांमध्ये तो केला आणि १९६२ मध्ये तो प्रसिद्ध झाला. पाठीला काय लावता यापेक्षा किती नियमित वळवता, यावर फरक पडतो असं त्यातून दिसलं. त्याच कामातून धोका मोजायची नॉर्टन स्केल आली. आपल्याकडच्या अनेक वॉर्डांत आज वापरतात ती ब्रेडन स्केल १९८७ ची. तिचं कामही बार्बरा ब्रेडन आणि नॅन्सी बर्गस्ट्रॉम या नर्सेसनीच केलं.

वॉर्डात मी विद्यार्थिनींकडून हे करून घेते. लाल जागेवर बोट हलकेच दाबायचं आणि उचलायचं. जागा पांढरी होऊन परत लाल झाली, तर रक्त अजून फिरतंय. पांढरी झालीच नाही, तर इजा सुरू झाली आहे आणि त्या कुशीवर पेशंटला ठेवायचं नाही. आपल्याकडच्या सावळ्या त्वचेवर मात्र ही लाली सहज दिसत नाही, म्हणून हाताची पाठ लावून बघायचं: शेजारच्या त्वचेपेक्षा गरम लागतंय का, कडक किंवा भुसभुशीत लागतंय का, आजी तिथे हात लावू देत नाहीत का. पोटरीखाली उशी लांबट ठेवायची, म्हणजे टाच गादीला न टेकता अधांतरी राहते. पलंगाची डोक्याकडची बाजू गरजेपेक्षा जास्त उचलायची नाही, नाहीतर पेशंट खाली घसरतो आणि माकडहाडावरची कातडी ओढली जाते. यातल्या कशालाही पैसे लागत नाहीत.

आता सलाईनच्या सुईबद्दल. इथे मेसेजमधल्या शंकेत थोडं तथ्य आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते. पूर्वी इंट्राकॅथ, म्हणजे शिरेत राहणारी नळी जिला सगळे सुई म्हणतात, ती दर तीन दिवसांनी बदलायचीच, चालू असली तरी काढायची, असा नियम होता. ऑस्ट्रेलियातल्या क्लेअर रिकार्ड या नर्स-संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो नियम तपासला. क्वीन्सलँडमधले ३,२८३ रुग्ण घेतले. एका गटात ठरल्या दिवशी सुई बदलली, दुसऱ्या गटात गरज पडेल तेव्हाच. शीर सुजण्याचं, म्हणजे आपण ज्याला ‘थ्रॉम्बो झालं’ म्हणतो त्याचं प्रमाण दोन्हीकडे ७ टक्के आलं. २०१२ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि बऱ्याच ठिकाणी नियम बदलला. हा बदल पैशासाठी झाला म्हणणाऱ्याने केमोथेरपी घेणाऱ्या पेशंटचा हात एकदा बघावा. शीर सापडत नाही म्हणून चार-चार वेळा टोचलेला असतो. एक टोचणं कमी झालं तर त्याला किती हायसं वाटतं, ते त्यालाच विचारावं.

पण गोष्ट इथे संपली नाही. जिनिव्हाच्या विद्यापीठ रुग्णालयांनीही दर ९६ तासांनी सुई बदलायचा नियम काढून टाकला. तिथे रक्तातल्या जंतुसंसर्गाचं प्रमाण वाढलेलं दिसलं, तेव्हा त्यांनी नियम परत आणला. २०२१ मध्ये त्यांनी हे सगळं जाहीरपणे मांडलं. ‘बघा, यांचं यांनाच ठरवता येत नाही’ असं मेसेजवाले म्हणतील. मला उलट वाटतं. चूक दिसली, मोजली आणि सुधारली. पाठ चोळण्याची पद्धत इतकी वर्षं चालली, कारण ती कुणी मोजत नव्हतं. माझं मत विचाराल तर असं: ज्या वॉर्डात प्रत्येक पाळीत सुईची जागा बघितली जाते, तारीख लिहिलेली असते आणि गरज संपली की सुई त्याच दिवशी निघते, तिथे गरजेप्रमाणे बदलणं ठीक आहे. जिथे हे होत नाही, तिथे ठरल्या दिवशी बदलणंच बरं. घरी सोडायच्या दिवसापर्यंत ‘असू दे’ म्हणून ठेवलेली रिकामी सुई दोन्ही पद्धतींत चूकच.

‘संशोधन हे डॉक्टरांचं काम.’ वर नावं आली ती बहुतेक नर्सेसची आहेत. त्यांच्याही आधी नाइटिंगेलबाई. क्रायमियाच्या युद्धात जखमांपेक्षा टाळता येण्यासारख्या रोगांनी जास्त सैनिक मेले, हे त्यांनी १८५८ मध्ये आकड्यांच्या आकृत्या काढून सरकारपुढे ठेवलं. लंडनच्या स्टॅटिस्टिकल सोसायटीच्या त्या पहिल्या स्त्री सदस्य. उतारवयात पुण्याच्या सार्वजनिक सभेशी त्यांचा पत्रव्यवहार होता, तोही खेड्यांतल्या स्वच्छतेबद्दल. हातातला दिवा सगळ्यांना आठवतो. हातातली वहीही आठवायला हवी.

‘अनुभवाला किंमत उरली नाही.’ हे मला सगळ्यात जास्त लागलं, कारण ज्यांच्याकडून मी काम शिकले त्या इन्चार्ज सिस्टरांचा अनुभव मी रोज वापरते. १९९६ मध्ये डेव्हिड सॅकेट हे डॉक्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुराव्यावर आधारित उपचार म्हणजे काय हे मांडलं, तेव्हा उत्तम पुराव्याच्या जोडीला करणाऱ्याचा अनुभव त्यात होताच, आणि रुग्णाला काय हवं याचा विचारही होता. वॉर्डात हे असं दिसतं: जखम भरायला प्रथिनं लागतात हा पुरावा. आजींचा चातुर्मासाचा नेम आहे आणि त्या उपवास सोडणार नाहीत, ही त्यांची इच्छा. नुसत्या साबुदाण्यात प्रथिनं जवळजवळ नसतातच, तेव्हा दूध, दही, शेंगदाण्याचं कूट, राजगिरा यांवर भर द्या असं सुनेला बाजूला घेऊन सांगायचं, आणि साखर किंवा किडनीचा त्रास असेल तर आधी आहारतज्ज्ञांना विचारायचं, हा अनुभव. तिन्हींतलं एक काढलं तरी जखम भरायची थांबते.

‘ग्लोव्हज घातले की हात धुवायची गरज नाही’ असंही एक वाक्य मेसेजमध्ये आहे. ग्लोव्हजना डोळ्यांना न दिसणारी भोकं असू शकतात आणि काढताना हात दूषित होतात. तेच ग्लोव्हज घालून या पलंगावरून त्या पलंगावर गेलात, तर जंतू आपणच पोचवले. हात धुवायचेच, ग्लोव्हज घालण्याआधी आणि काढल्यावरही.

‘तिकडचे अभ्यास इकडे लागू पडत नाहीत.’ काही पडत नाहीत, हे खरं. त्वचेच्या लालीचं उदाहरण वर दिलंच. बाळंतपणाच्या वेळी वापरायची जागतिक आरोग्य संघटनेची चेकलिस्ट उत्तर प्रदेशातल्या १२० केंद्रांत तपासली, तेव्हा प्रशिक्षण देऊन काम सुधारलं, पण मृत्यू कमी झाले नाहीत. २०१७ मध्ये हा निकाल आला. नुसता कागद भरून माणूस वाचत नाही, हे ऐकायलाच हवं. पण यावरून इकडे पुरावाच नको असं कसं ठरतं? इकडचा पुरावा हवा, असं ठरतं. आणि तो आहे. आपल्याच गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी ३९ गावांतल्या स्त्रियांना नवजात बाळाची घरी काळजी घ्यायला शिकवलं. बाळाला ऊब कशी द्यायची, श्वास कसा मोजायचा, धोक्याची लक्षणं कशी ओळखायची. हजार जन्मांमागे ६२ नवजात मृत्यू होत होते, ते काही वर्षांत २५ च्या आसपास आले. १९९९ मध्ये हा अभ्यास छापून आल्यावर जगाने त्याची दखल घेतली. कमी वजनाच्या बाळाला जन्मल्याबरोबर आईच्या छातीशी त्वचेला त्वचा लावून ठेवलं तर मृत्यू २५ टक्क्यांनी कमी होतात, हे २०२१ मध्ये ज्या पाच देशांतल्या अभ्यासातून दिसलं, त्यात भारत होता.

आता सावित्रीबाई. हे उदाहरण ज्याने दिलं त्याच्या मनात आदर असेल, मी शंका घेत नाही. १८९७ मध्ये पुण्यात प्लेग आला. सावित्रीबाईंनी डॉक्टर मुलगा यशवंत याच्यासह हडपसरच्या ससाणे मळ्याजवळ दवाखाना चालवला. आजाऱ्यांना त्या स्वतः तिथे पोचवत होत्या. त्यातच त्यांना प्लेगची लागण झाली आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. प्लेगचा जंतू १८९४ मध्ये हाँगकाँगला सापडला होता. प्लेग उंदरांवरच्या पिसवांमधून माणसाला होतो, हे पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये कराचीत दाखवलं. म्हणजे त्या गेल्यानंतरच्या वर्षी. हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस स्वतःला टोचून घेतली, तीही त्या गेल्या त्याच वर्षी, जानेवारीत. ज्या माहितीने सेवा करणाऱ्याचा जीव सांभाळता आला असता, ती तेव्हा नुकती आकार घेत होती. सावित्रीबाई आयुष्यभर शिकल्या आणि त्यांनी शिकवलं. त्यांचं नाव घेऊन नर्सला ‘वाचू नकोस’ सांगणं मला सहन होत नाही.

राहिला चाळीस पेशंटांचा मुद्दा. तो सगळ्यात खरा आहे. भारतीय नर्सिंग परिषदेच्या निकषांप्रमाणे शिकवणाऱ्या हॉस्पिटलच्या साध्या वॉर्डात ३ पेशंटांमागे १ नर्स हवी, इतर ठिकाणी ५ मागे १. रात्रपाळीला प्रत्यक्षात काय असतं, हे प्रत्येक सिस्टरला माहीत आहे. थकव्याने पाय सुजलेल्या बाईला कुणी ‘पेपर का वाचला नाहीस’ विचारू नये. पण ही संख्या वाढवून घ्यायला आपल्या हातात सगळ्यात भक्कम काय आहे? पुरावाच. लिंडा एकेन या नर्स-संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियातली १६८ हॉस्पिटलं तपासली. एका नर्समागे एक पेशंट वाढला की शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाचा ३० दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता ७ टक्क्यांनी जास्त, असं त्यांना २००२ मध्ये आढळलं. नंतर युरोपातल्या नऊ देशांतही तसंच दिसलं. ‘आम्ही दमतो’ म्हटलं की प्रशासन सहानुभूती दाखवून पुढे जातं. ‘पेशंट मरतात आणि हे आकडे आहेत’ म्हटलं की टेबलावर कागद ठेवावा लागतो. आपल्या वॉर्डातल्या बेडसोअरची, थ्रॉम्बोची आणि पेशंट पडल्याची नोंद आपणच ठेवली नाही, तर जागा वाढवून मागताना दाखवणार काय?

मेसेजच्या शेवटी नातेवाइकांना सांगितलंय की असल्या पुस्तकी सिस्टरांना जाब विचारा. विचारा की. पेशंटला शेवटचं कधी वळवलं? टाचा बघितल्या का? ही सुई कोणत्या तारखेची आहे आणि अजून लागते का? आमच्या आजींच्या उपवासात प्रथिनं कशी बसवायची? कुठलीही चांगली सिस्टर या प्रश्नांना उत्तर देईल आणि तुम्हालाही कामाला लावेल. आणि या वॉर्डात रात्री किती पेशंटांमागे एक सिस्टर असते, हा प्रश्न तिला नको, खाली प्रशासनाच्या ऑफिसात जाऊन लेखी विचारा.