रंगीत ठिपक्यांमागचे गणित

एफएमआरआयच्या (मेंदूचे कामकाज टिपणाऱ्या चुंबकीय स्कॅनच्या) चित्रातले रंगीत ठिपके म्हणजे विचार करणारा मेंदूच, असे तरुण आणि वृद्ध मेंदूंची तुलना करणाऱ्या एका लेखात म्हटले आहे. ते मला पटत नाही. हे यंत्र चेतापेशींचे विद्युतसंदेश मोजत नाही. पेशी सक्रिय झाल्या की तिथला रक्तप्रवाह वाढतो, रक्तातल्या ऑक्सिजनचे प्रमाण बदलते आणि त्या बदलाचा चुंबकीय परिणाम तेवढा टिपला जातो. हा प्रतिसाद फार संथ असतो: डोळ्यांसमोर क्षणभर प्रकाश चमकला, तर मेंदूतला संकेत साधारण ५ ते ६ सेकंदांनी शिखर गाठतो, मग मूळ पातळीच्याही खाली उतरून सावकाश सावरतो. म्हणून संशोधक या चढउताराच्या वक्राचे गणिती रूप आधी गृहीत धरतात, प्रयोगाच्या वेळापत्रकानुसार अपेक्षित संकेत तयार करतात आणि प्रत्येक व्हॉक्सेलची (मेंदूच्या चित्रातल्या छोट्या घनाकार तुकड्याची) नोंद त्याच्याशी कितपत जुळते हे तपासतात. चित्रातला रंग त्या जुळणीचा असतो. व्हॉक्सेल हजारोंनी असल्यामुळे योगायोगानेही जुळणी सापडते; ती गाळायला संख्याशास्त्रीय दुरुस्ती करावी लागते, आणि २००९ मध्ये तर ही दुरुस्ती न केल्यास मेलेल्या सामन माशाच्या मेंदूतही 'सक्रियता' दिसते, हे संशोधकांनी मुद्दाम दाखवून दिले होते. शिवाय वयानुसार रक्तवाहिन्या बदलतात आणि वक्राचा आकारही बदलतो. त्यामुळे लेखातली तरुण आणि वृद्ध मेंदूंची तुलना वाचताना, दिसणारा फरक पेशींचा की रक्तवाहिन्यांचा, हे लेखकाने स्पष्ट करायला हवे होते.