आत्याचं बाऊल आणि माझं पोट

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आमच्या घरी पाडव्याचं श्रीखंड आत्याच्या काचेच्या बाऊलातच येतं. 1876 साली इंग्लंडचे युवराज ग्वाल्हेरला आले, तेव्हा जयविलास राजवाड्यातल्या मेजवानीनंतर ते पणजोबांना मिळालं, असं आत्या दर पाडव्याला सांगते. झुंबरं टांगण्याआधी छताची मजबुती पाहायला वर हत्ती चढवले होते, तेही ओघात येतंच. हत्तींबद्दल माझी तक्रार नाही. "अस्सल कटग्लास आहे हो," याबद्दल आहे.

कोरलेल्या काचेच्या कडा बोटाला लागतात. या बाऊलाच्या कडा चार दिवस वापरलेल्या साबणाच्या वडीसारख्या. शिवाय नक्षीआडून काठापासून तळापर्यंत तीन बारीक रेघा उतरलेल्या. लोखंडी साच्याचे भाग जुळतात ना, तिथल्या. म्हणजे वितळलेली काच साच्यात टाकली, वरून दट्ट्या दाबला, झालं बाऊल. खात्रीसाठी टिचकी मारली. शिशाची काच घंटेसारखी वाजते म्हणतात. श्रीखंडाने भरलेली कुठलीही काच 'ठप्' एवढंच म्हणते.

"अहो, वाढायच्या भांड्याला टिचक्या काय मारताय?" बायको.

प्रश्न वयाचा होता. इंग्लंडात नोंदवलेल्या नक्षीवर 1842 ते 1883 चौकटच्या एक्क्यासारखी खूण असायची, 1884 पासून नुसता नंबर. बाऊल डोक्यावर धरून बुडाशी पाहिलं, कोरं. म्हणजे खूण असलीच तर आतून, तळाला, दीड किलो श्रीखंडाखाली.

मी पुन्हा वाढून घेतलं. मग परत घेतलं. चौथ्या वेळी आत्या गहिवरली, "आज बरा जेवतोय बेटा!" पाचव्या वेळी बायकोने पुऱ्यांचं ताट उचलून आत नेलं. मी नुसतंच खात राहिलो. वेलदोड्याच्या दाण्यांमधून आधी दोनचा आकडा उगवला, शेजारी सहाचा. उरलेलं चमच्याने खरवडलं, भिंग लावलं. सव्वीस हजारांच्या घरातला नंबर! 1885 चे नंबर 19754 पासून सुरू होतात आणि 1886 चे 40480 पासून. म्हणजे नक्षीची नोंदच 1885 ची, बाऊल त्याआधीचं असणं शक्य नाही. युवराज जेवून जाऊन तोवर नऊ वर्षं झालेली.

पट्टा सैल करून मी हे आत्याला सांगितलं. तिने क्षणभर विचार केला.

"बरोबर आहे. दरबारी काम ना ते. मंजूर झालेलं घरी पोचायला नऊ वर्षं लागायचीच."

आणि बाऊल विसळायला घेऊन गेली.