साहेबाचं घर आणि आमचा सातबारा

चूक माझीच. बँक हॉलिडेला इथे इंग्लंडमध्ये, उत्तर कॉर्नवॉलच्या समुद्रकड्यावरच्या एका जुन्या घरात आम्ही तीन रात्री राहिलो आणि मी त्याचा फोटो घरच्या ग्रुपवर टाकला. पाच मिनिटांत धाकट्या चुलतभावाचा मेसेज: 'बघा, गोरे लोक वारसा कसा जपतात. नाहीतर आपण!' झालं. रत्नागिरीकडच्या आमच्या घरावरून जुनं भांडण पुन्हा पेटलं. याला तिथे हेरिटेज होमस्टे काढायचाय, दादाला पाडून स्लॅबचं घर बांधायचंय, आणि काकू म्हणते, मी असेपर्यंत एका चिऱ्याला हात लावायचा नाही.

गोरे जपत नाहीत रे बाबा, त्यांना जपावं लागतं. घर लिस्टेड, म्हणजे सरकारच्या जतनयादीत, असलं की परवानगीशिवाय त्याचं रूप बदलणं इथे फौजदारी गुन्हा आहे. म्हणून तर आमच्या खिडकीला अजून एकेरी काच होती आणि अटलांटिकचा वारा रात्रभर पडदा फुगवत होता. मालकीणबाईंनी न मागता गरम पाण्याच्या दोन पिशव्या आणून दिल्या. आणि हे कुडकुडायचे पैसे आम्ही मोजले होते. विसाव्या शतकात वारसा कर परवडेना म्हणून असली शेकडो घरं मालकांनी स्वतःच पाडली. १९७४ साली लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये त्या पाडापाडीवर चक्क प्रदर्शन भरलं होतं. बांधली कुणाच्या पैशाने, तेही विचारा. असली जुनी घरं सांभाळणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेने २०२० मध्ये स्वतःच्याच ९३ ठिकाणांचे वसाहतींशी आणि गुलामगिरीशी असलेले संबंध मांडले, तर इथल्यांना केवढा राग! हे कुणी फॉरवर्ड करत नाही.

एका भिंतीपाशी मात्र माझं तोंड बंद झालं. समुद्राकडच्या बाजूला, छपरावर असतात तशाच जवळच्या डेलाबोलच्या खाणीतल्या काळपट दगडी पाट्या वरपासून खालपर्यंत माशाच्या खवल्यांसारख्या ठोकलेल्या. आडवा पाऊस भिंतीत मुरू नये म्हणून. मिरगाआधी आमच्या पडवीला नारळाची झापं बांधायचे, ती याचसाठी. बाबा शिडीवर, मी खालून सुंभ द्यायची. शाकारणी झाली की हातांना दोन दिवस काथ्याचा वास. इथे एक पाटी निसटून लोंबत होती. मी बोट लावलं तर नवरा ओरडला, 'हात नको लावूस, बिल येईल!'

जेवणघरात तैलचित्रांची रांग होती. सगळे थोरले मुलगे. घर अखंड राहिलं याचं गुपित ते: थोरल्याला सगळं, बाकीच्यांनी आपापलं बघा. बहिणींचं एकही चित्र नव्हतं. आमच्या सातबाऱ्यावर २३ नावं आहेत, त्यात माझंही, कारण महाराष्ट्राने १९९४ सालीच मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांच्या बरोबरीने वाटा दिला. आपलं घर गळतं, पण न्यायाने गळतं, असं मी ग्रुपवर ठणकावून लिहिलं. तीन अंगठे आले.

मग दादाचा वेगळा मेसेज. 'न्याय झाला. सही कधी करतेस?'

हक्कसोडपत्रासाठीचं मुखत्यारपत्र. ताईने केव्हाच दिलं. कौलांना गेली सहा वर्षं दादा एकटा पैसे घालतोय, मी एक पौंड पाठवलेला नाही. कड्यावरच्या तीन रात्रींच्या भाड्यात आमच्या माजघरावरची कौलं बदलून झाली असती. घरही मला नकोय. पण रेशनकार्डावरून माझं नाव लग्नानंतर गेलं, मतदारयादीतून पासपोर्ट बदलल्यावर. गावात ते आता त्या एकाच कागदावर आहे.

दोन वर्षं तो फॉर्म इथे आमच्या रेडिंगच्या घरात, बिलांच्या खणात पडलाय. दादाला सांगते, भारतीय हाय कमिशनची अपॉइंटमेंट मिळत नाही.

मिळते.