लव्हाळा खुरपून जात नाही, किती वेळा सांगायचं?

मागच्या आठवड्यात सोसायटीच्या गेटजवळचा तो लांब वाफा नव्या कंत्राटदाराच्या माणसांनी "साफ" केला. म्हणजे काय केलं, तर कुदळीने वीतभर खोल खणला, ढेकळं फोडली, वर हिरवं दिसेल तेवढं ओढून काढलं, फावड्याने सपाट केला आणि वरून पाइपने मनसोक्त पाणी मारलं. सुपरवायझरने फोटो काढून ग्रुपवर टाकला. "वीडिंग डन." खाली अंगठ्यांची रांग. "मॅडम, वाफा एकदम क्लीन करून दिलाय, आता महिनाभर बघायला नको."

आज सकाळी जाऊन बघा तो क्लीन वाफा. आधी गुलाबांच्या मध्ये लव्हाळ्याचे झुपके होते, मोजता येतील इतके. आता सगळ्या वाफ्यावर हिरव्या सुया उभ्या आहेत, एका इंचाचीही जागा मोकळी नाही. मोगऱ्याच्या बुडातून, गुलाबाच्या आळ्यातून, कडेच्या विटांच्या फटीतून. अहो, हे तण काढलं नाही, याची लागवड केलीत तुम्ही! आणि त्याचे पैसे घेतलेत.

लव्हाळ्याच्या गाठी जमिनीखाली माळेतल्या मण्यांसारख्या एका बारीक, चिवट तारेवर ओवलेल्या असतात. माळ अखंड असते तोवर वाढत्या टोकाची गाठ बाकीच्यांना दाबून ठेवते, त्यातल्या बऱ्याच नुसत्या झोपून असतात. कुदळ घातली की तार तुटते आणि झोपलेली प्रत्येक गाठ जागी होते. एका गाठीवर एकच डोळा नसतो, अनेक असतात. एक कोंब तोडला की दुसरा तयार. जून महिना, ओली माती, वर उबदार हवा, आणि हे मोठ्या मनाने माळा तोडून गाठी वाफाभर पसरवून गेले. वर पाणीही घातलं!

पण हे सगळं एकवेळ गिळलं असतं. निशिगंधाचं काय? त्याच वाफ्याच्या उन्हाच्या टोकाला निशिगंधाची ओळ होती, दुसऱ्या वर्षाची, म्हणजे ऐन भरात येणारी. ती ओळ गेली. मुळासकट गेली. पान लांबट आणि अरुंद, म्हणजे गवतच असणार, असं ठरवून कंद उपटले आणि कचऱ्याच्या ढिगावर फेकले. ढिगात हात घातला तर कंदांचे गड्डे होते, पिल्लांसकट, काही कुदळीने चिरलेले. त्यांच्याबरोबर रेन लिलीचे छोटे कांदे. आणि ओळीच्या जागी वाफ्यात काय शिल्लक? लव्हाळा. निशिगंध गेला, लव्हाळा राहिला. हे कसं जमतं, खरंच कळत नाही. चुकून सुद्धा उलट होत नाही कधी.

फरक ओळखायला वनस्पतिशास्त्राची पदवी लागत नाही. दांडा बोटात धरून फिरवा. लव्हाळ्याचा दांडा तीन कोनी असतो, भरीव असतो, धारा बोटाला लागतात. पानं तीन दिशांना निघतात, गडद हिरवी, चकचकीत, मधोमध पन्हळ. निशिगंधाचं पान कंदातून निघतं, मऊ, फिकट, बुडाशी लालसर झाक. रेन लिलीचं पान जाडसर, त्याला कोनी दांडा नाही. एवढं दोन मिनिटांत कुणालाही शिकवता येतं, आणि कामावर येणाऱ्या माणसांचा यात दोष नाही. त्यांना दिवसभरात सात सोसायट्या उरकायला लावतात आणि हे शिकवायला कुणी दोन मिनिटं काढत नाही. राग आहे तो त्यांना कुदळ देऊन पाठवणाऱ्यावर आणि फोटो बघून बिल पास करणाऱ्या आपल्या कमिटीवर.

कमिटीत एकजण म्हणाले, "अहो, लव्हाळा म्हणजे नागरमोथाच, औषधी असतो, उटण्यात घालतात." घालतात ना. मग न्या उपटून, दिवाळीला उटणं करा अख्ख्या बिल्डिंगला. वाफा मोकळा होईल.

दुसरे म्हणाले, "तणनाशक मारून टाकू." कुठलं? कृषी सेवा केंद्रात जाऊन "गवताचं औषध द्या" म्हटलं की बरेचदा क्विझालोफॉपसारखं काहीतरी हातात पडतं. ते सोयाबीनमधल्या गवतांवर चांगलं आहे, हरळीवरही काम करतं. लव्हाळ्यावर शून्य, कारण लव्हाळा गवत नाही, त्याचं कुळच वेगळं. पैसे गेले, पंधरा दिवस गेले, तेवढ्यात खाली नवीन गाठी तयार. टू फोर डी मारलं तर लव्हाळ्याची पानं करपतात, गाठी मजेत राहतात, आणि वाऱ्यावर उडालेल्या तुषारांनी गुलाबाची कोवळी पानं मुरडून बसतात. हॅलोसल्फ्युरॉन लव्हाळ्यावर खरोखर चालतं, उसाच्या शेतकऱ्यांना विचारा. पण त्याच्या लेबलवर ऊस आहे. मोगरा नाही, गुलाब नाही, शेवंती नाही. फुलझाडांच्या मुळाशी ते ओतायचं धाडस ज्यांना करायचंय त्यांनी स्वतःच्या कुंडीत करावं.

राहिलं ग्लायफोसेट, हिरवं दिसेल ते सगळं मारणारं तणनाशक. ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र सरकारच्या आदेशानुसार ते फक्त परवानाधारक पेस्ट कंट्रोल ऑपरेटरनेच वापरायचं आहे. तरी बिनलेबलच्या पाण्याच्या बाटलीत भरून ते माळ्याच्या हातात येतं, त्याच्याकडे हातमोजेसुद्धा नसतात. गुलाबाचं खोड हिरवं असतं, ते थेट खोडातून आत घेतं. त्या वेळी काही दिसत नाही. पुढच्या फुटीला पानं दोऱ्यासारखी बारीक, पिवळी, झुडपासारखी गच्च येतात आणि मग सगळे विचारतात, "गुलाबाला व्हायरस झाला का हो?" परवानाधारक माणूस बोलावलात तरी पंप वाफ्यात आणू द्यायचा नाही. स्पंजने किंवा वातीने, फक्त लव्हाळ्याच्या पानांना पुसायचं. सकाळी, वारा पडलेला असताना, पाऊस नसताना. पानं पाच-सहा झालेली, तुरा अजून न आलेला. धुळीने माखलेल्या पानावर किंवा गढूळ पाण्यात कालवून ते वाया जातं, मातीच्या कणांना चिकटून बसतं. आणि लावल्यावर आठ-दहा दिवस त्या पानाला हात लावायचा नाही, ते गाठीपर्यंत उतरायला हवं. आमच्याकडे काय होतं? दुपारी फवारणी, संध्याकाळी "करपलेलं बरं दिसत नाही" म्हणून कापणी.

आणि ते मीठ-व्हिनेगरवाले! व्हिडिओत बाई हसत हसत बाटली हलवते आणि लव्हाळ्यावर मारते. घरच्या व्हिनेगरमध्ये पाचेक टक्के आम्ल, त्याने वरची पानं भाजतात, बस्स. खालची गाठ दुसरा कोंब काढते. मीठ मात्र कुठे जात नाही. पुण्याकडच्या काळ्या मातीत सोडियम वाढलं की माती चोपण होते. पाणी वर साचतं, वाळलं की सिमेंटसारखी कडक होते. शेतकरी जिप्सम टाकून टाकून जे दुरुस्त करायला बघतात, ते तुम्ही मुद्दाम विकत आणून मोगऱ्याच्या मुळाशी ओतताय.

बरं, वीड मॅट, म्हणजे तण अडवायला मातीवर अंथरायचं आवरण. मागच्या कंत्राटदाराने पातळ काळं प्लास्टिक अंथरलं, वर पांढरे गोटे. लव्हाळ्याचा कोंब टोकदार सुईसारखा असतो, तो प्लास्टिक भोसकून वर येतो. आला. वर गोटे असल्यामुळे खाली खुरपं घालता येईना. आता ते फाटकं प्लास्टिक मातीत जागोजागी अडकलंय आणि गुलाबाच्या मुळ्या त्यात गुंतल्यात. त्यापेक्षा जाड पुठ्ठा किंवा वर्तमानपत्राचे आठ-दहा थर जास्त अडवतात. पुठ्ठ्यावरची चिकटपट्टी काढायची, ओला करायचा, सांध्यावर सहा इंच एकमेकांवर चढवायचा आणि वर तीन-चार इंच वाळका पाला किंवा उसाचं पाचट. झाडाच्या खोडापासून चार बोटं जागा मोकळी सोडायची, नाहीतर खोड कुजतं. आणि वाळवीवर लक्ष ठेवायचं, महिन्यातून एकदा कोपरा उचलून बघायचा. पुठ्ठ्याने लव्हाळा मरत नाही, पण त्याला ऊन मिळत नाही आणि सावली त्याला अजिबात मानवत नाही. खालची माती भुसभुशीत राहते, मग जे डोकं वर काढतं ते गाठीसकट अलगद निघतं.

काढायची पद्धत काही गुपित नाही. कुदळ नको, माती घुसळणारं रोटरी यंत्र तर नकोच नको, खुरप्याने वरच्या वर छाटणंही नको. बागेचा काटा घ्या, चार दातांचा. माती वाफशावर असताना, म्हणजे मुठीत धरली तर गोळा होते पण हाताला चिकटत नाही तेव्हा, झुपक्यापासून वीतभर लांब काटा सरळ खाली घाला आणि माती सावकाश उचला. ओढायचं नाही. तार दिसली की बोटाने तिच्या मागे मागे जायचं, पुढची गाठ, तिच्या पुढची. बहुतेक गाठी वरच्या सहा-आठ इंचात सापडतात, थोड्या फुटापर्यंत. उकरलेली माती पाच-सहा मिलिमीटरच्या जाळीतून चाळायची, वाटाण्याएवढ्या गाठी डोळ्यांना दिसत नाहीत, जाळीत अडकतात. गुलाबाच्या खोडाभोवती फूटभर मात्र काटा घालायचा नाही, त्याच्या अन्न घेणाऱ्या मुळ्या तिथेच वर असतात. तिथे फक्त हाताने, दर दोन-तीन आठवड्यांनी, पाच-सहा पानं व्हायच्या आत. प्रत्येक फुटीला गाठीतला साठा खर्च होतो, आणि नवीन गाठी धरू दिल्या नाहीत तर ती शेवटी रिकामी होते. एक पावसाळा सलग, पुढच्या वर्षी परत. मध्ये गणपतीची सुट्टी घेतली की पुन्हा पहिल्यापासून.

काढलेल्या गाठी कंपोस्टच्या खड्ड्यात टाकणारे लोक पाहिले की डोकं सणकतं. आमच्या सोसायटीत ओल्या कचऱ्याच्या पिटात तेच जातं, तेच खत जानेवारीत वाफ्यात परत येतं, आणि मग "तण येतं कुठून" यावर चर्चा. गाठ वाळून मरते, कुजून सहजासहजी मरत नाही. एप्रिल-मेमध्ये गच्चीवर एका थरात पसरा, दोन आठवडे कडक ऊन द्या, मधून परता. पावसाळ्यात ऊन नसतं, तर पोत्यात भरून छपराखाली फरशीवर ठेवा, मातीवर कधीच नाही, आणि ऑक्टोबरच्या उन्हात पसरा.

पाणीही तसंच. सगळा वाफा पाइपने भिजवायचा आणि मग मोकळ्या जागेत तण का येतं म्हणून विचारायचं. ठिबक आहे ना लावलेलं? प्रत्येक झाडाला दोन ड्रिपर पुरतात, उन्हाळ्यात मधली माती कोरडी ठेवा, लव्हाळा निम्मा तिथेच अडतो.

निशिगंध तीन वर्षांनी काढायचाच असतो. तोच मोका असतो. कंद मे महिन्याच्या सुरुवातीला हलवले की रिकाम्या पट्ट्याला पाणी द्या, पारदर्शक प्लास्टिक मातीला चिकटून ताणून अंथरा, कडा मातीत पुरा, चार ते सहा आठवडे उन्हात शिजू द्या. खोलच्या गाठी त्यातूनही वाचतात, वरच्या बऱ्याच जातात. झाडं उभी असलेल्या वाफ्यात हे करता येत नाही. म्हणून ती ओळ पुढच्या वर्षी हलवायची ठरली होती, आणि हे आता निम्म्यावर उपटून मोकळे झाले.

हरळीबद्दल तर अजून बोललेच नाही. लॉन वाफ्याला खेटून लावलं कुणी? मध्ये आठ-दहा इंच खोल कड घाला म्हणून सांगितलं होतं, विटा नुसत्या वर मांडल्या. ती खालूनही जाते आणि वरूनही. आणि नर्सरीच्या प्रत्येक पिशवीतून येणारी आंबुशी, तिची शेंग बोट लागताच फुटून बी फूटभर उडतं. आणि केना! त्याला जमिनीखालीसुद्धा फुलं येतात, तिथेच बी धरतं, आणि तोडलेला तुकडा ओल्या मातीवर पडला की परत रुजतो. आमच्याकडे तो तोडून वाफ्यातच "आच्छादन" म्हणून पसरतात.

आता कंत्राटदार म्हणतोय, नुकसानभरपाई म्हणून एक गाडी लाल माती फुकट देतो, वाफा दोन इंच उंच करू. त्या लाल मातीत काय येतं हे गेल्या गाडीने दाखवलंय. घ्यायचीच असेल तर आधी ढिगाच्या मधून आणि तळातून मिळून एक बादली माती काढा, पसरट टबमध्ये घाला, रोज पाणी द्या, उन्हात ठेवा. पंधरा दिवसांत जे उगवेल ते उपटून दांडा बोटात फिरवून बघा. तीन धारा लागल्या तर गाडी गेटच्या आत घ्यायची नाही, फुकट असली तरी. आणि निशिगंधाचे कंद वेगळे द्या, नवीन, सुपारीपेक्षा मोठे, न चिरलेले. ते बिलातून वळते करा.