केंब्रिजचं गोल चर्च, टेंप्लर आणि कोपऱ्यात लपणारा सैतान

भाची केंब्रिजला शिकायला निघाली आणि घरच्या ग्रुपवर लगेच कुणीतरी तो मेसेज टाकला: ब्रिज स्ट्रीटवरचं गोल चर्च नाइट्स टेंप्लरांनी (धर्मयुद्धांच्या काळातले लढवय्ये ख्रिस्ती संन्यासी) बांधलं, त्याआधी तिथं ज्यूंचं सिनेगॉग, म्हणजे प्रार्थनास्थळ होतं, सैतानाला लपायला कोपरा मिळू नये म्हणून ते गोल आहे आणि नऊशे वर्षांत त्याचा एक दगडही हललेला नाही. चारही थापा. भाचीनं तो इमानेइतबारे पुढे पाठवलाय, तेव्हा आता लिहिणं आलं.

टेंप्लरांचं आधी. रॅम्सी मठाच्या दफ्तरात या जागेचं दानपत्र आहे. मठाधिपती रेनाल्डनं (कारकीर्द १११४ ते ११३०) सेंट जॉर्जची दफनभूमी आणि लगतची जमीन ‘होली सेपल्कर’, म्हणजे येशूच्या पवित्र थडग्याच्या नावानं चालणाऱ्या बंधुसंघाला चर्च बांधायला दिली. जमीन घेणाऱ्यांची नावंही आहेत: दाढीवाला रँडल्फ, रॉबर्ट आणि ऑगर. दाढीची नोंद ठेवणारा कारकून टेंप्लरांचं नाव विसरला, असं म्हणायचंय का? लंडनचं टेंपल चर्च (११८५) त्यांचंच आणि गोल, हे मान्य. घोळ तिथूनच सुरू होतो. पण नॉर्दॅम्प्टनचं गोल चर्च साधारण ११००चं, सायमन द सेनलिसनं उभारलेलं. तेव्हा टेंप्लर संघ जन्मालाही आला नव्हता. लिटल मेपलस्टेडचं गोल चर्च तर हॉस्पिटलरांचं, म्हणजे तशाच दुसऱ्या संघाचं.

सिनेगॉगचा निकालही याच दानपत्रात लागतो: दिली ती ख्रिस्ती दफनभूमी. ज्यूंची वस्ती जवळपास होती, एवढंच खरं.

सैतानाचा मुद्दा मात्र कहर आहे. १०९९ मध्ये क्रुसेडवाल्यांनी, म्हणजे ख्रिस्ती धर्मयोद्ध्यांनी, जेरुसलेम घेतलं, आणि तिथल्या येशूच्या थडग्यावरच्या वर्तुळाकार वास्तूच्या नकला युरोपभर वाढल्या. केंब्रिजला आत आठ बुटके, जाडजूड खांब रिंगणात उभे आहेत, त्यांच्याभोवती फिरायची वाट, वर कमानींची गॅलरी. गाभाऱ्याला प्रदक्षिणा घालणाऱ्या माणसाला ही रचना वेगळी समजावून सांगायला नको. आणि कोपऱ्यांची एवढी धास्ती होती, तर पूर्वेकडचा वेदीचा भाग, सगळ्यात पवित्र, तो चौकोनी कसा? सैतानाला तिथं सवलत होती काय?

आता ‘एकही दगड हलला नाही’. यानंच खरं नुकसान होतं, कारण लोक १८४१ नंतरच्या कामाला बाराव्या शतकातलं समजून फोटो काढतात. पंधराव्या शतकात गोल भागाच्या माथ्यावर बहुकोनी घंटाघराचा मजला चढवला, खिडक्या मोठ्या गॉथिक (टोकदार कमानींच्या) केल्या. खालचं रिंगण एवढ्या वजनासाठी बांधलेलंच नव्हतं. १८४१ मध्ये खांबांभोवतालच्या वाटेचा काही भाग कोसळला. मग केंब्रिज कॅम्डेन सोसायटीनं (मध्ययुगीन चर्चशैलीची भक्त मंडळी) वास्तुविशारद अँथनी साल्विनला आणलं. त्यानं घंटाघर उतरवलं, त्याजागी दगडी घुमट घालून वर शंकूसारखं छप्पर बसवलं, गॉथिक खिडक्या काढून नॉर्मन (आधीच्या, गोल कमानींच्या) धाटणीच्या लावल्या, गॅलरीत जाणारा बाहेरचा जिना काढला. म्हणजे पोस्टकार्डावरचं ते टोकदार छप्पर व्हिक्टोरियन, एकोणिसाव्या शतकातलं. सोसायटीच्या उत्साहाला त्यावरही आवर नव्हता: त्यांनी दगडी वेदी बसवली, पाद्रीच उलटला, प्रकरण कोर्ट ऑफ आर्चेस या चर्चच्या न्यायालयापर्यंत गेलं, आणि १८४५ मध्ये वेदी बेकायदा ठरली.

विद्यापीठानंच हे चर्च विद्यार्थ्यांसाठी बांधलं, असंही एका काकांनी खाली जोडलंय. काका, विद्यापीठाची सुरुवात १२०९ची.

भाचीला जुनं काही पाहायचंच असेल, तर आत जाऊन त्या आठ खांबांपाशी उभं राहावं. छपराचा फोटो नंतर.