भावे प्रयोग, मुक्काम सांगली

गावभागातल्या आमच्या बोळातला दिवा गेला. मी संबंधित कार्यालयात रीतसर अर्ज दिला. उत्तर आलं: ‘आपल्या अर्जाच्या अनुषंगाने आपणांस कळविण्यात येते की, सदर ठिकाणाची पाहणी करण्यात आली असून नियमानुसार पुढील कार्यवाही करण्यात येईल.’

शेजारच्या काकूंनी चष्मा लावून पत्र वाचलं, उलटून मागची कोरी बाजूही वाचली आणि विचारलं, “पण करणार कोण?”

काकूंनी नेमकं व्याकरणावर बोट ठेवलं होतं. ‘आपणांस कळविण्यात येते’ हा भावे प्रयोग. कर्त्याचा पत्ता नाही. उजाडतं, सांजावतं, तसंच कळविण्यात येतं. तसा सांगलीला भावे प्रयोग नवा नाही म्हणा! 1843 साली विष्णुदास भाव्यांनी इथंच ‘सीता स्वयंवर’ नाटक उभं केलं. पण त्यात पदं म्हणायला सूत्रधार तरी समोर असायचा. पुढे 1964 च्या राजभाषा अधिनियमानं सरकारी कारभार मराठीत आणला. कर्ता बहुधा मिरज जंक्शनलाच उतरला.

शेवटी कार्यालय गाठलं.

“बसा की,” क्लार्क म्हणाले. खुर्ची नव्हती.

“पाहणी कुणी केली?”

“झालीय की.”

“हो, पण कुणी?”

“झालीय म्हणून तर पत्र आलंय न्हवं?”

“मग दिवा कधी लागणार?”

“लागंल की.”

“साहेब भेटतील?”

“साहेब साइटवर गेल्यात.”

क्लार्कच्या उत्तरांत माणूस कर्ता असलेलं हे पहिलंच वाक्य, आणि नेमका कर्ता जागेवर नाही! पत्रातली भाषा संस्कृत पाठशाळेतली, तोंडातली कृष्णाकाठची. पण हात झटकण्यात दोघी सख्ख्या बहिणी.

बाहेर चहाच्या गाड्यावर वायरमन भेटला. त्याला अर्ज, अनुषंग काही सांगितलं नाही. “बोळातला दिवा गेलाय,” एवढंच म्हणालो.

“मी लावतो की संध्याकाळी. शिडी धरायला कोण हाय का?”

मी धरली. दिवा लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच खांबावर फ्लेक्स झळकत होता: ‘यांच्या अथक प्रयत्नांतून बोळ प्रकाशमय!’ वर हात जोडलेले, मधे गॉगल लावलेले, खाली ‘शुभेच्छुक’ म्हणून दाटीवाटीनं बसवलेले चेहरे. इतके दिवस एक कर्ता मिळेना, आता क्रियापदाला बसायला जागा उरली नव्हती. वायरमनचा चेहरा तेवढा कुठं दिसेना.

दिसला तो वर, खांबावर, सुतळीची गाठ मारताना.

“हा कुणी लावला रे?”

“मीच की,” तो म्हणाला. “जरा शिडी धरा.”