कॅमेऱ्याला मुलाचं मन कळत नाही

मोबाइलवर फिरणारा एक व्हिडिओ: वर्गात बसलेली चिनी मुलं, प्रत्येकाच्या चेहऱ्याभोवती हिरवी चौकट आणि चौकटीवर ‘एकाग्र’, ‘कंटाळलेला’, ‘उदास’ असे शिक्के. सोबतचा मजकूर सांगतो, की चीनच्या सगळ्या शाळांत आता एआय कॅमेरे आहेत, ते चेहऱ्यावरून मुलाच्या मनात काय चाललंय ते ओळखतात, प्रगत देशांनी हे तंत्रज्ञान स्वीकारलंय, त्याने शिक्षकांचा भार हलका होतो आणि मुलं सुरक्षित राहतात. आपल्या शाळा कधी जाग्या होणार, हा शेवटचा सवाल.

हा व्हिडिओ मी आधीही पाहिला होता आणि सोडून दिला होता. या वेळी तो माझ्या दादाने घरच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, ‘आमच्या शाळेतही येणार म्हणतात, पालकसभेत विषय आहे. बरंच होईल, याचं लक्ष कुठे असतं ते तरी कळेल.’ ‘याचं’ म्हणजे माझ्या सातवीतल्या भाच्याचं. तो ऐकताना मान खाली घालून वहीत रेघोट्या मारतो आणि नंतर विचारलं तर सगळं नीट सांगतो. मी स्वतः गणित शिकवते, अशी मुलं वर्षानुवर्षं पाहतेय. त्यामुळे आता गप्प बसवत नाही.

‘चीनच्या सगळ्या शाळांत’ हे आधी निकालात काढू. ज्या शाळेमुळे ही चर्चा सुरू झाली ती हांगझोऊ शहरातली एक माध्यमिक शाळा. 2018 मध्ये तिथे काही वर्गांत कॅमेरे बसवले. दर 30 सेकंदांनी ते वर्ग टिपायचे आणि वाचन, लेखन, हात वर करणं, बाकावर डोकं टेकणं अशा सहा हालचाली आणि सात प्रकारचे हावभाव नोंदवायचे. खुद्द चीनमध्येच त्यावर टीकेची झोड उठली आणि तो प्रयोग थांबवावा लागला. पुढच्याच वर्षी तिथल्या शिक्षण मंत्रालयाने शाळांतल्या अशा तंत्रज्ञानाला आवर घालण्याची भाषा केली. व्हिडिओत यातलं अवाक्षर नाही.

आता मूळ दावा, चेहऱ्यावरून मन ओळखण्याचा. सगळ्यात जास्त नुकसान हाच करतो. मानसशास्त्रज्ञ लिसा फेल्डमन बॅरेट आणि त्यांच्या चार सहकारी शास्त्रज्ञांनी 2019 मध्ये या विषयावरचं हजाराहून अधिक संशोधन तपासून मोठा आढावा प्रसिद्ध केला. एकाच प्रश्नावर एकमत नसलेले शास्त्रज्ञ मुद्दाम एकत्र बसवले होते, आणि तरी निष्कर्ष एकमताने निघाला: फक्त चेहऱ्याच्या हालचालीवरून भावना खात्रीने सांगता येत नाही. माणसं रागावलेली असताना कपाळाला आठ्या घालतात ते सुमारे 30 टक्के वेळा. उरलेल्या वेळी राग असतो, आठ्या नसतात. उलट आठ्या असतात आणि राग नसतो, असंही सर्रास घडतं.

हे मला वर्गात रोज दिसतं. अपूर्णांकाचं अवघड गणित सोडवणाऱ्या मुलीच्या कपाळाला आठ्या पडतात. ती रागावलेली नसते, गणितात बुडालेली असते. काही मुलं बाईंच्या डोळ्यांत बघत नाहीत, कारण मोठ्यांकडे रोखून बघू नये असं घरी शिकवलेलं असतं. स्वमग्न मुलाला नजर भिडवणंच जड जातं. चंचल मुलाचे हातपाय हलत राहतात तेव्हाच त्याचे कान उघडे असतात. या सगळ्यांवर यंत्र एकच शिक्का मारणार: ‘लक्ष नाही’. तो शिक्का आलेख होऊन आईवडिलांच्या मोबाइलवर जाणार आणि संध्याकाळी घरी त्या मुलाला ऐकून घ्यावं लागणार. लक्ष दिल्याचा चेहरा कसा करायचा हे मुलं आठवड्याभरात शिकतात. मग समजलं नाही तरी मान डोलवतात, आणि कोणाचं अडलंय ते ओळखायची माझी वाटच बंद होते.

प्रगत देशांनी स्वीकारलंय? युरोपीय संघाच्या एआय कायद्याने शाळा आणि कामाच्या ठिकाणी भावना ओळखणाऱ्या यंत्रणांवर बंदी घातली आहे. वैद्यकीय आणि सुरक्षेची कारणं तेवढी वगळली आहेत. ही बंदी 2 फेब्रुवारी 2025 पासून लागू आहे. मायक्रोसॉफ्टने तर 2022 मध्येच चेहऱ्यावरून भावना सांगणारी आपली सेवा मागे घेत असल्याचं जाहीर केलं होतं.

शिक्षकांचा भार हलका होतो म्हणे. साठ मुलांच्या वर्गात आणखी साठ आलेख वाचायला लावून?

सुरक्षेचा मुद्दा मात्र मी उडवून लावणार नाही. बदलापूरच्या घटनेनंतर ऑगस्ट 2024 मध्ये राज्य सरकारने सगळ्या शाळांना सीसीटीव्ही बंधनकारक केले, आणि ते हवेतच. पण फाटकावरचा, जिन्यावरचा कॅमेरा वेगळा आणि मुलाच्या चेहऱ्याला गुण देणारं सॉफ्टवेअर वेगळं. पहिल्याच्या नावावर दुसरं खपवू नका.

वर्गाच्या चित्रणातून शिक्षणाबद्दल काहीच कळत नाही, असंही म्हणता येत नाही. गणित-विज्ञानाच्या शिक्षणाची देशोदेशी तुलना करणाऱ्या टिम्स (TIMSS) या प्रकल्पाच्या 1999 च्या अभ्यासात सात देशांतले आठवीच्या गणिताचे सहाशेहून अधिक तास चित्रित झाले. अमेरिकेतल्या तासांत दिसलं, की विचार करायला लावणारा प्रश्न दिला तरी शिक्षक लगेच रीत सांगून मोकळे होतात. त्याच्याही आधी मेरी बड रो या अमेरिकी शिक्षण-संशोधक बाईंनी वर्गांची ध्वनिमुद्रणं तपासून दाखवलं होतं, की प्रश्न विचारल्यावर शिक्षक जेमतेम एक सेकंद थांबतात, आणि तीन सेकंद थांबले तर मुलांची उत्तरं लांब आणि विचारपूर्वक येतात. असं मोजायला आज एआय खुशाल वापरा. माझ्या तासाला लावा, मला आवडेल. तिथे तपासणी शिकवण्याची होते, मुलाच्या चेहऱ्याची नाही.

दादाला पालकसभेआधी एक गोष्ट आवर्जून सांगितली आहे. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचं कलम 9 मुलांच्या वर्तनावर पाळत ठेवायला मनाई करतं, पण नोव्हेंबर 2025 च्या नियमांनी शाळांना शैक्षणिक कामासाठी आणि सुरक्षेसाठी त्यातून सूट दिली आहे. म्हणजे कायदा आपोआप आडवा येणार नाही, पालकांनीच विचारावं लागेल: चित्रण कुठे साठवणार, किती दिवस, कॅमेऱ्याची कंपनी ते वापरून आपलं सॉफ्टवेअर घडवणार का, मुलावर बसलेला चुकीचा शिक्का कोण पुसणार, आणि आम्ही नको म्हटलं तर आमच्या मुलाला कुठे बसवणार. उत्तरं लेखी घ्या.